करमोळीचा राहिलेला फेरा

करमोळीच्या परशराम गुरुजींनी गावाचा इतिहास लिहायला घेतला आणि पावसाळ्यापासून माघापर्यंत बहुतेक सगळा उभा केला. गावतळं कोणत्या दुष्काळात खणलं, पहिली शाळा कुणाच्या गोठ्यात भरली, बेळगुंदीकडून येणारा रस्ता आधी कसा ओढ्यातूनच जायचा, बेळगावच्या कॅम्पातला गोरा साहेब डुकराच्या शिकारीला आला की कुठल्या आंब्याखाली तंबू ठोकायचा, हे सगळं त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून विचारून गोळा केलं. अडले ते एकाच ठिकाणी. गावच्या लक्ष्मीची यात्रा साठ वर्षांवर का भरली नाही, हे कसं लिहायचं ते त्यांना सुचेना. आणि ते लिहिल्यावाचून भागणार नव्हतं, कारण ही स्मरणिका निघत होती तीच मुळी यंदाच्या यात्रेसाठी.

म्हणून एका सकाळी ते पिरनवाडीला कोंडाबाईच्या दारात येऊन उभे राहिले. बरोबर कोंडाबाईचा भाचा भरमू होता, तिच्या वारलेल्या धाकट्या भावाचा मुलगा.

कोंडाबाईनं पंच्याहत्तरी ओलांडली होती. तिचा जन्म करमोळीच्या खालच्या आळीतला. तेव्हा त्या आळीला महारवाडा म्हणत, आता तिच्या तोंडाशी भीमनगरची कमान आहे. लग्न होऊन ती निपाणीला गेली, तंबाखूच्या वखारीत पानं निवडून तिनं मुलाला शिकवलं, आणि तो बँकेच्या बदलीवर गुलबर्ग्याला गेल्यापासून ती नात समतापाशी राहत होती. समता जवळच बेळगावात कॉलेजात शिकवायची. गाव सुटून जन्म गेला, पण डोळे मिटले की कोंडाबाईला करमोळीच दिसायची. तांबड्या मातीच्या वरंब्यांवर पसरलेले रताळ्याचे वेल, सुगीत मळणीवर चढणारा भाताचा वास, आणि जाळात भाजलेली रताळी पदरात घेऊन पळणाऱ्या पोरी. लहानपण कसंही गेलेलं असो, म्हातारपणी ते गोडच लागतं.

गुरुजींनी पाणी घेतलं, चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि पिशवीतून कागद काढले. "कोंडाक्का, तुमच्या वडिलांबद्दल लिहिलंय. छापायला द्यायच्या आधी तुमच्या कानावर घालावं म्हटलं."

आणि त्यांनी शाळेतल्यासारखं खणखणीत वाचलं. "एकोणीसशे बासष्टच्या यात्रेत शिवेचा फेरा घालत असताना देवीचे निस्सीम सेवक कैलासवासी सिद्राम हे पश्चिमेच्या शिवेवर देवीचरणी लीन झाले. त्यांच्या वियोगाने व्याकुळ झालेल्या गावाने पुढे यात्रा भरवली नाही."

"वियोगानं?" कोंडाबाई म्हणाली.

"चांगलं लिवलंय की, आत्ती," भरमू म्हणाला. "आजोबाचं नाव पयल्यांदाच छापून येतंय. शिवेच्या दगडाला पाटीबी लावणार हाईत."

शिवेचा फेरा म्हणजे काय, हे त्या खोलीत कुणाला सांगायला नको होतं. यात्रेच्या शेवटच्या दिवशी, दिवेलागणीला, रेड्याच्या रक्तात कालवलेला भात बुट्टीत, वेताच्या टोपलीत, भरायचा. ती बुट्टी डोक्यावर घेऊन कोंडाबाईच्या घरातल्या पुरुषानं गावाच्या शिवेनं पळायचं आणि भात शिंपत जायचं. थांबायचं नाही, बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. मागून गावचे गडी काठ्या घेऊन पळत. शेजारच्या गावानं त्यातलं शीत जरी पळवलं तरी गावाची बरकत जाते, म्हणून काठ्या; आणि पळणारा थांबू नये म्हणूनही काठ्याच. फेरा पुरा झाला की शीव बांधली गेली. मधेच तुटला, तर जिथं तुटला तिथूनच, त्याच घरातल्या माणसानं तो पुरा करायचा. तोवर देवीला बाहेर काढून गदगेवर, यात्रेच्या ओट्यावर, बसवायचं नाही. करमोळीचा फेरा बासष्ट साली पश्चिमेच्या दगडापाशी तुटला तो तुटलाच होता; त्या घरातलं कुणी तो पुरा करायला पुढं आलं नव्हतं.

"आता रेडा-बिडा काही नाही," गुरुजी म्हणाले. "बंदीच आहे. कुंकू कालवलेला भात. पश्चिमेच्या दगडापासून राहिलेला तेवढा फेरा पुरा करायचा, की यात्रा पार पडली. आपला प्रशिक तयार झालाय."

प्रशिक भरमूचा थोरला. डिप्लोमा करून बेळगावच्या उद्यमबागेत एका वर्कशॉपात मशीनवर होता.

"आनि बुट्टी घरातल्या थोरल्या बाईनं उचलून द्यायची असतीया," भरमू पुढे सरकला. "त्या टायमाला आज्जीनं दिलती. आता तूच थोरली. म्हणून आलोय."

कोंडाबाईनं गुरुजींच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. मग म्हणाली, "गुरुजी, माझा बाप लीन झाला न्हाय. त्यानं बुट्टी खाली ठेवलती."

सिद्राम निपाणीला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला, तिथून सगळं सुरू झालं होतं. खालच्या आळीनं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. मग गावानं विहीर बंद केली, रानातलं काम बंद केलं, दळणसुद्धा घेईना. बाया ओढ्यात झरे उकरून पाणी भरत. तशात यात्रेचं वर्ष आलं. गावातली चार थोर माणसं आळीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, सिद्राम, ही एक यात्रा पार पाड, विहीर मोकळी करतो. सिद्रामनं आधीची यात्रा केलेली होती. तेव्हा कोंडाबाई अंगावर पीत होती. त्या फेऱ्याबद्दल तो घरात कधी चकार शब्द बोलला नव्हता. पण आता आळीतली पोरं चिखलाचं पाणी पीत होती. तो बरं म्हणाला. मनुबाईनं, कोंडाबाईच्या आईनं, बुट्टी उचलून त्याच्या डोक्यावर दिली.

अंधार पडल्यावर त्याला घोंगड्यात घालून आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो होता. कोंडाबाई त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होती, आणि निम्मं पाणी गालावरून खाली येत होतं. तेव्हा तो म्हणाला, "कोंडे, म्या पडलो न्हाय. म्या खाली ठेवली. दोन्ही हातानं, नीट." मग थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाला, जणू पोरीनं पाठ करावं म्हणून.

बाहेर पायरीवर पाटलाचा माणूस येऊन बसला होता. घरात काय बोलणं होतं ते ऐकायलाच त्याला बसवलेला. सिद्रामचा श्वास थांबला तशी मनुबाई उठली, कपाळाचं कुंकू पदरानं पुसलं, बाहेर गेली आणि त्या माणसाला म्हणाली, "देवीनं नेलं."

संध्याकाळी विहीर मोकळी झाली. मनुबाई त्यानंतर पुष्कळ जगली आणि मरेपर्यंत तेच म्हणत राहिली. दर मंगळवारी ती पश्चिमेच्या दगडाला हळदकुंकू लावून यायची. मांडीवरच्या भरमूला तिनं तीच गोष्ट सांगितली, की तुझ्या आजोबाला देवी घेऊन गेली, एवढा तिचा लाडका. कोंडाबाईनं लग्नानंतर एकदा तिला आडून विचारलं होतं, "आई, बा काय म्हणला ते तूबी ऐकलंस की." मनुबाईनं भाकरी थापता थापता उत्तर दिलं, "तू सुटून गेलीस. मला हितं ऱ्हायाचं हाय."

हे सगळं कोंडाबाईनं सांगितलं तेव्हा गुरुजी कागदांच्या कडा जुळवत होते. जुळलेल्या कडा ते पुन्हा जुळवत होते. बासष्ट साली ते सात-आठ वर्षांचे असतील. काठ्या घेऊन पळणाऱ्यांत त्यांचा बाप होता, हे कोंडाबाईला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

"गावाचीच रीत हाय, गुरुजी," ती म्हणाली. "वाटंत मेला तर मान त्याच घरात ऱ्हातोय. पण आपल्या हातानं खाली ठेवलेला मान त्या घरात परत येत न्हाय. व्हय का न्हाय?"

"रीत आहे तशी."

"मग प्रशिकच्या डोक्यावर ती बुट्टी कशाला? बानं ठेवली ती ठेवली. तसं छापा. आमचं घर सुटलं त्यातनं."

"आणि फेरा?"

"ऱ्हाऊ दे की. साठ वर्सं ऱ्हायलाय, गाव काय बुडालं न्हाय."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "कोंडाक्का, मांडव उभा राहिलाय. माहेरवाशिणींना आवतणं गेलीत, पुण्या-मुंबईपासून लेकी येणार आहेत. आणि हे काही मी मनचं लिहिलेलं नाही. मनुमावशीच्या तोंडचं आहे. सगळ्या गावानं त्यांच्याकडनंच ऐकलंय. आता तुमच्या आईचं खोटं आणि तुमचं खरं, असं मी कशाच्या आधारावर लिहू?"

भरमूचा चेहरा उतरला होता. "म्हंजे आज्जी जलमभर खोटं बोलली?"

"जगायसाठनं बोलली."

"आनि तू आता खरं कशासाठनं बोलतीस, आत्ती? तुला काय, पिरनवाडीत घरात नळ हाय. गावात आमाला नांदायचं हाय."

मनुबाईनंही भाकरी थापताना हेच म्हटलं होतं. कोंडाबाईला वाटलं, आईच भाच्याच्या तोंडून बोलली. ती उठली आणि कपबश्या गोळा करू लागली. बुट्टी उचलून देणार नाही, एवढंच तिनं मोरीतून सांगितलं.

रविवारी समतानं तिला स्कूटीवर मागं बसवून करमोळीला नेलं. प्रशिकशी बोलायचं होतं. कमानीच्या बाजूलाच भलामोठा फ्लेक्स लागला होता आणि त्यावर, आमदारांच्या आणि कमिटीच्या फोटोंखाली, भगवा फेटा बांधलेला प्रशिक हात जोडून उभा होता. खाली मराठीत आणि कानडीत लिहिलं होतं, फेऱ्याचे मानकरी.

"दिसतोय बरा," समता म्हणाली.

"दिसायला त्याचा पणजाबी बराच होता," कोंडाबाई म्हणाली.

प्रशिक घरीच होता. त्यानं आजीच्या पायाला हात लावला, समताला खुर्ची दिली आणि स्वतः दारातल्या मोटारसायकलवर आडवा बसला. त्याची आई मालुबाई चुलीपाशी होती. कोंडाबाईनं त्याला सगळं सांगितलं, गुरुजींना सांगितलं होतं त्याहून सावकाश. त्यानं मधे एकदाही फोन काढला नाही, याचं तिला बरं वाटलं.

"मारलं आसंल," तो शेवटी म्हणाला. "मी न्हाय म्हणत न्हाय. पण आज्जी, आता मला कोण मारतंय? मागनं काठ्या न्हाईत, वरनं ड्रोन हाय."

"रं, पण ते वझं आपलं न्हवं."

"वझं कुठाय? भात हाय." तो हसला. मग मोटारसायकलच्या आरशाकडे बघत म्हणाला, "तुला एक सांगू? गेल्या आयतवारी पाटलाचा नातू आलता. हितं, चुलीपुढं बसून च्या पिला. आयेनं दिलेला. शाळंत धा वर्सं एका वर्गात हुतो, कवा आळीत पाय ठेवला न्हवता त्यानं. आता भावा भावा करतोय. कुणाच्या बापाच्यानं जे झालं न्हाय ते एका फेऱ्यानं हुत आसंल, तर मी पळतो की. एक तास पळायचं. मी सकाळी तसाबी पळतोय."

"एवढ्यासाठी?" समतानं विचारलं.

"तुमाला एवढंसं वाटतंय, दीदी. तुमच्याकडं समदी येत्यात च्या प्यायला."

मालुबाईनं चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "आत्ती, तुमाला नसंल द्यायची तर मी देते उचलून. मन मोडू नगासा पोराचं."

परतताना समतानं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. "आजी, तक्रार करता येईल. जातीवरनं असलं काम लावणं गुन्हा आहे."

"कुणावर करतीस? पोरगं आपल्या पायानं चाललंय. मारणारी मेली, आनि ऱ्हायल्याली फेटा बांधत्यात." वाऱ्यानं तिच्या डोळ्याला पाणी येत होतं. "बळजोरी असती तर मीच पयली गेले असते."

यात्रेच्या शेवटच्या दिवशी कोंडाबाई पांढरी साडी नेसून पश्चिमेच्या शिवेवर जाऊन बसली. बुट्टी ती देणार नव्हती. पण जिथं बापानं ती ठेवली तिथं, त्याच्या घरातलं कुणीतरी खरं बोलून गेलं पाहिजे, असं तिनं मनाशी धरलं होतं. प्रशिक पळायच्या आधी सगळ्यांसमोर ते ऐकेल, आणि निदान एकदा थबकेल. तेवढीच आशा होती.

दगड चुन्यानं रंगवला होता आणि त्याला काळी पाटी बसवली होती. माणसांनी माळ फुलून गेला. मांडवाकडून डॉल्बीचा दणका येत होता, भंडारा उधळून बायकांचे केस, पोरांचे सदरे, कुत्र्यांच्या पाठी पिवळ्या झाल्या होत्या. कुणीतरी कोंडाबाईच्या हातात नवी कोरी स्मरणिका दिली. समतानं पानं उलटून तिला तेवढा परिच्छेद वाचून दाखवला. एक अक्षर बदललेलं नव्हतं. उलट शेवटी एक ओळ वाढली होती, की हा मान त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने जपला आहे.

सूर्य खाली गेला तशी हलगी थांबली. पुजारी आण्णाप्पानं बुट्टी आणून दगडापाशी ठेवली. लालभडक भात होता. गुरुजी माईक घेऊन उभे होते. प्रशिक फेटा बांधून, कमरेला हिरवा शेला गुंडाळून, अनवाणी उभा होता. गुरुजींनी कोंडाबाईकडे हात केला. "घराण्यातल्या थोरल्या, कोंडाक्का."

ती उठली. सगळ्यांना वाटलं ती वाकणार. ती वाकली नाही.

"हितं माझ्या बापानं ही बुट्टी खाली ठेवली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण माळ एवढा गप्प होता की लांबपर्यंत गेला. "तो पडला न्हाय. देवीनं नेला न्हाय. त्यानं ठेवली, दोन्ही हातानं. म्हणून त्याला हितं काठ्यांनी मारला. ठेवलेला मान परत येत न्हाय, ही तुमचीच रीत. प्रशिक, तू ही उचलायचं कारण न्हाय."

तिच्या वयाची दोन-तीन माणसं होती, ती खाली मातीकडे बघत राहिली. त्यांतला एकजण पायानं खडा उकरत होता. प्रशिक तिच्याकडे बघत होता, आणि खरोखरच थबकला होता.

मग गुरुजींनी माईक तोंडाशी नेला. "वडिलांच्या आठवणीनं आक्कांना भरून आलंय. साहजिक आहे. एवढी मोठी भक्ती होती त्या माणसाची. बोला, लक्ष्मीमाता की..."

जय इतका मोठा झाला की झाडावरची पाखरं उठली. हलगी सुरू झाली. बायका पदरानं डोळे पुसत कोंडाबाईच्या पाया पडू लागल्या. एक पडली, दुसरी पडली, मग रांगच लागली. ती म्हणत होती, अगं सोडा, मी काय म्हणाले ते ऐका, पण हलगीत तिचं तिलाच ऐकू येईना. पाया पडणाऱ्या बायकांच्या वरून तिनं पाहिलं, मालुबाई वाकली, बुट्टी उचलली आणि लेकाच्या डोक्यावर दिली. प्रशिकनं एकदा आजीकडे पाहिलं आणि पळत सुटला.

तो छान पळाला. पाय हलके, मान ताठ, एका हातानं बुट्टी धरलेली, दुसऱ्या हातानं भात शिंपत. मागून टी-शर्ट घातलेले कार्यकर्ते शिट्ट्या मारत पळत होते. वर ड्रोन घोंगावत होता.

कोंडाबाई दगडाला टेकून बसून राहिली. समता म्हणाली, आता जाऊया. ती म्हणाली, पोरगं पोचल्याचं कळू दे. ते कळलं. उत्तरेला, स्मशानाजवळच्या ओढ्याकडे, आरोळ्या उठल्या, फटाके वाजले, आणि लोक हसत-बोलत महाप्रसादाच्या मांडवाकडे वळले. माळ रिकामा झाला. आणि मग पलीकडून भरमू पळत येताना दिसला. त्याचं धोतर सुटत आलं होतं.

"आत्ती, चल. पोराला आत येऊ देईनात."

ओढ्यापाशी पोचेपर्यंत दिवे लागले होते. अलीकडच्या काठाला पिवळ्या भंडाऱ्याची जाड रेघ ओढली होती, दोन्हीकडे लांबपर्यंत. पलीकडच्या काठावर प्रशिक उभा होता, फेटा काखेत धरून. बुट्टी त्याच्या पायाशी पालथी पडली होती.

"काय झालं?" कोंडाबाईनं विचारलं.

आण्णाप्पा वाईट माणूस नव्हता. त्यानं समजावून सांगितलं. "शीव बांधली, आक्का. गावातलं समदं वंगाळ, रोगराई, पिडा, बुट्टीबरुबर भाईर गेली. शेवटाला त्यानं ओढा वलांडायचा, मागनं रेघ मारायची. आता तो आत आला तर त्याच्या अंगानं समदं परत आत. दिस उगवंस्तवर भाईर. मग आंघोळ करून यायचं. आनि पुढल्या पाच मंगळवारी कुणाच्या घराचा उंबरा चढायचा न्हाय."

"हे आधी का सांगितलं नाही?" समता गुरुजींकडे वळली. बोलावणं गेल्यामुळे ते मांडवातून आले होते, आणि त्यांच्या हातात अजून स्मरणिकेचा गठ्ठा होता.

"मला वाटलं तुमच्या घरात ठाऊक असेल," ते म्हणाले. "त्यांच्याच घरचं काम ना."

ठाऊक नव्हतं. कोंडाबाईनं आठवून पाहिलं. तिच्या बापाचा दुसरा फेरा या ओढ्यापर्यंत पोचलाच नव्हता, आणि पहिल्याच्या वेळी ती अंगावर पीत होती. त्या पहिल्या फेऱ्याबद्दल तो कधीच का बोलला नाही, ते आता तिला कळलं. तो इथं, याच काठावर, एक अख्खी रात्र बसला होता, आणि सकाळी घरी येऊन तिला मांडीवर घेतलं होतं. ही रात्र ठाऊक असल्यामुळेच दुसऱ्या वेळी निम्म्या वाटेत त्यानं हात वर केले आणि बुट्टी उतरवली.

मांडवाकडून पाटलाचा नातू पत्रावळ घेऊन आला. भात, आमटी, वर शेवयांची खीर. रेघेच्या अलीकडे तो घुटमळला, मग रेघ न ओलांडता, वाकून त्यानं ओढ्यातल्या मधल्या खडकावर पत्रावळ ठेवली आणि दोन पावलं मागं सरला.

"भावा, रीत हाय रं," तो म्हणाला. "मी काय करू?"

"व्हय की," प्रशिक म्हणाला. तो हसत होता. तेच हसू तोंडावर किती वेळ ठेवायचं ते त्याला कळत नव्हतं.

"मी पलीकडं गेले तर?" कोंडाबाईनं आण्णाप्पाला विचारलं.

"तुमीबी मग सकाळपतुर तिकडंच, आक्का. पाच मंगळवार तुमालाबी."

"मला कुणाच्या घरी जायाचंय हितं?" ती म्हणाली आणि समताचा हात धरून पाण्यात उतरली. पाणी घोट्याएवढंच होतं. भरमू रेघेपाशी उभा राहिला. त्यानं एक पाय उचलला, तिथंच उभ्या असलेल्या मालुबाईकडे पाहिलं आणि पाय परत होता तिथं ठेवला. उद्या त्याला याच गावात कामाला जायचं होतं.

प्रशिकनं मधल्या खडकावरून पत्रावळ उचलून आणली आणि आजीजवळ दगडावर बसला. "तुला ठावं होतं, आज्जी?"

"न्हाय रं. माझ्या बापाला ठावं होतं."

पळून पळून त्याला भूक लागली होती. त्यानं भात कालवला, तिच्यापुढे सरकवला. तिनं मान हलवली. समताही नको म्हणाली. मग तो एकटाच जेवू लागला, खाली मान घालून, भराभर. "आमटी गार झालीया," एवढं एकदा म्हणाला. मांडवातल्या कर्ण्यावर आता कमिटीचे सत्कार चालले होते. प्रशिकचं नाव पुकारलं गेलं, पुढची यात्रा बारा वर्षांनी आणि फेऱ्याचा मान याच घराकडे, असं कुणीतरी जाहीर केलं, आणि टाळ्या झाल्या.

प्रशिकनं पत्रावळ दुमडली. हात धुवायला तो काठाशी उकिडवा बसला आणि त्यानं पाण्यात हात घातला. तेवढ्यात पलीकडून आण्णाप्पा म्हणाला, अगदी मायेनं, "तितं वर नगं रं पोरा. खालच्या अंगाला जाऊन धू."

प्रशिक थोडा वेळ तसाच बसून राहिला. खरकटा हात त्यानं पाण्याबाहेर काढला होता, आणि त्यातून थेंब गळत होते. मग तो उठला आणि खालच्या अंगाला गेला.